सातवं फूल का टिकलं? टॅटिंगच्या मणीदार केसपिनांचा एक प्रकरण अभ्यास

कार्यक्रम संपला, मेकअप उतरवायला मुलींची गर्दी झाली आणि मैत्रिणीची मुलगी माझ्यासमोर पाठमोरी येऊन बसली. "मावशी, हळू हं. ते डावीकडचं फूल ओढतंय." तिच्या अंबाड्याभोवती मी विणलेली सात फुलं होती, म्हणजे असायला हवी होती. डावीकडच्या फुलाच्या एका पाकळीच्या टोकाशी तीन मणी होते. ते मणी आणि पाकळीची कड यांच्या मधल्या फटीतून तिचे सात-आठ केस आरपार गेले होते. पाकळी वळवून केस सोडवायला गेले तर मणी दोऱ्यावर सरकले आणि केस जास्तच आवळले. शेवटी नखं कापायच्या छोट्या कात्रीने मी पिकोचा, म्हणजे ते मणी ओवलेल्या छोट्या फासाचा, दोरा कापला. तीन मणी फरशीवर टपटपले. केस वाचले, फूल गेलं.

बाकीच्यांची मोजदाद तिथेच केली. दोन पिना अंबाड्यात होत्या, पण त्यांच्यावर फूलच नव्हतं, नुसती धातूची चकती चमकत होती. तीन फुलं जागेवर होती, पण कुशीवर झाल्यासारखी: तोंड बाहेर नाही, कुणाचं कानाकडे, कुणाचं छताकडे. आणि एक फूल, सातवं, जसं लावलं होतं तसंच, ताठ, बाहेर बघत.

हातकामात चूक झाली की आपण सहसा "पुढच्या वेळी जास्त गोंद लावू" म्हणून मोकळे होतो. मला तसं करायचं नव्हतं. मुलीने तीन तास नाचताना ती फुलं डोक्यावर घेतली होती, आणि त्यातल्या एकाने तिचे केस धरून ठेवले होते. त्यामुळे सातही पिना एका डबीत घालून घरी आणल्या.

पहिला संच कसा केला होता

टॅटिंग न केलेल्यांसाठी थोडं सांगते. या लेसमध्ये सगळा खेळ एकाच गाठीचा. शटल, म्हणजे विणकराच्या धोट्याचं बोटभर लांबीचं रूप, उजव्या हातात. दोऱ्याचा फास डाव्या हाताच्या बोटांभोवती. दोन अर्ध्या गाठी मिळून एक पूर्ण गाठ होते. अशा गाठी ओळीने घालत गेलं आणि शटलचा दोरा ओढला की त्या जवळ येऊन रिंग बंद होते. दोन गाठींच्या मध्ये मुद्दाम दोरा सैल सोडला की त्याचा छोटा फास उभा राहतो, तो पिको. यात गोम एवढीच की वळसा आपण शटलच्या दोऱ्याने घेतो, पण क्षणभर शटलचा दोरा ताणून आणि डाव्या हाताची बोटं सैल करून ती गाठ उलटवावी लागते, म्हणजे बसताना ती डाव्या हातावरच्या दोऱ्याची होते. ती उलटल्याचं बोटांना कळतं, बारीकसा झटका बसतो. एक जरी गाठ उलटायची राहिली तर दोरा तिथे अडतो आणि रिंग मिटत नाही.

फूल साधं होतं. पाच पाकळ्या, पाच रिंगा, एकीला लागून एक. दोरा २० नंबरचा मर्सराइज्ड कॉटन (दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, १० नंबर जाड, ८० नंबर अगदी केसासारखा). प्रत्येक पाकळीत सहा गाठी, पिको, सहा गाठी, तीन मण्यांचा पिको, सहा गाठी, पिको, सहा गाठी. बाजूच्या पिकोंनी पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा विणताविणता जोडायचा प्रकार रुळला. त्याआधी रिंगा वेगळ्या करून सुईदोऱ्याने एकत्र बांधाव्या लागत. आज आपण ज्याला टॅटिंगचं फूल म्हणतो ते खरं तर या जोडामुळेच फूल म्हणून उभं राहतं.

मणी ११ नंबरचे, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर रुंद. मण्यांचे नंबरही दोऱ्यासारखेच उलटे चालतात: ८ नंबरचा मणी मोठा, १५ चा बारीक. एका फुलाला पंधरा मणी, आणि मध्ये चार मिलिमीटरचा एक मोत्यासारखा काचमणी. सगळे मणी शटल भरण्याआधी ओवावे लागतात आणि प्रत्येक पाकळी सुरू करायच्या आधी तिचे तीन मणी डाव्या हाताच्या फासात घ्यावे लागतात. पहिली गाठ पडली की दार बंद. शटलकडे राहिलेला मणी मग फासात येत नाही, गाठींच्या पोटात अडकून बसतो. दुसऱ्या फुलाला मी नेमकं हेच विसरले आणि मिटलेली रिंग उघडायची वेळ आली. तेव्हा पिकोपाशी दोन्हीकडच्या गाठी चिमटीत धरून अलगद लांब करायच्या, म्हणजे आतला दोरा थोडा वर येतो. तो सुईच्या टोकाने पकडायचा आणि ढिला करत न्यायचा. घाई केली तर दोरा फुटतो.

विणून झाल्यावर फुलं पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात बुडवली, सुकवली आणि आठ मिलिमीटरची चकती असलेल्या बॉबी पिनांवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली. सहा पिना झाल्या आणि चकतीवाल्या पिना संपल्या. सातव्या फुलासाठी घरातला अंबाड्याला लावायचा साधा यू आकाराचा आकडा घेतला. त्याला चकती नसते, म्हणून फूल आकड्याच्या वळणावर दोऱ्याने शिवलं. त्या वेळी मला ते काम तात्पुरतं वाटलं होतं, म्हणून ते फूल मी मागच्या बाजूला, कमी दिसेल असं लावायला सांगितलं होतं.

चकतीवर शाई

दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न गोंदाचा घेतला. एका रिकाम्या चकतीवर शिक्क्याची शाई लावली, एका फुलाची पाठ तिच्यावर दाबली आणि मग तीच पाठ कागदावर टेकवली. कागदावर उमटले पाच बारीक ठिपके, मध्ये पांढरं भोक. चकती भरून गोंद लावला असं मला वाटत होतं, आणि फूल मात्र चकतीला पाच ठिकाणी, रिंगांच्या बुंध्यांशी तेवढं टेकत होतं. लेस म्हणजे निम्मी हवा. सपाट कापडाची टिकली चकतीवर जशी बसते तशी लेस बसतच नाही.

शिवाय गोंदाची निवड चुकली होती. झटपट गोंद कापसाच्या दोऱ्यावर पडला की फार वेगाने आणि उष्णता सोडत घट्ट होतो. जास्त पडला तर बोटाला चटका बसण्याइतका तापतो. घट्ट झाल्यावर तो काचेसारखा ठिसूळ राहतो. बॉबी पिन लावताना आपण तिचे पाय फाकवतो, पिन वाकते, चकती कलते आणि ठिसूळ गोंद गुळगुळीत धातूवरून पापुद्र्यासारखा सुटतो. गळलेल्या फुलांपैकी एक रंगमंचाच्या कडेला सापडलं होतं. त्याच्या पाठीला गोंदाचा चकतीइतका गोल पापुद्रा अखंड चिकटलेला होता. दोऱ्याने गोंद धरला होता, धातूने सोडला होता. शिवाय बुंध्यांभोवती पांढरट बुरशीसारखी छटा आली होती, तीही याच गोंदाची वाफ बसून.

चकती घासून खडबडीत करणं आणि लवचिक राहणारा गोंद वापरणं हा एक उपाय झाला असता. पण कुशीवर झालेल्या तीन फुलांचं काय, ती तर चिकटलेलीच होती.

पिन कुठल्या दिशेने जाते

त्याचं उत्तर मला बराच वेळ मिळेना. वजन म्हणावं तर काहीच नाही. ११ नंबरचे शंभराहून जास्त मणी एका ग्रॅममध्ये बसतात. मग मी स्वतःच अंबाडा घातला, हातात आरसा घेतला आणि एकेक पिन लावून बघितली.

बॉबी पिन डोक्याला समांतर सरकते. कानामागे, भांगाच्या बाजूला, वेणीच्या मुळाशी ती सपाट जाते आणि तिच्यावर सपाट चिकटवलेलं फूल आपोआप बाहेर बघतं. पण अंबाड्यात पिन सपाट जात नाही. ती अंबाड्याच्या पोटात घुसते, खिळ्यासारखी. आणि पिन आत घुसली की तिच्याशी समांतर असलेलं फूल बाजूला बघणारच. लावताना आम्ही पिना तिरप्या करून फुलं कशीबशी समोर आणली होती. नाचताना केस सैल झाले, पिना आपल्या मूळ दिशेला वळल्या आणि फुलं त्यांच्याबरोबर. चूक पिनेची नव्हतीच. मी फूल तिच्यावर चुकीच्या कोनात बसवलं होतं.

सातवं फूल आकड्याच्या वळणावर आडवं शिवलेलं होतं. आकडा आत, फूल त्याला काटकोनात, म्हणजे बरोबर अंबाड्याच्या पृष्ठभागाला लागून. खिळ्याला जशी टोपी असते तसं. मी ते मुद्दाम केलं नव्हतं, पण त्यामुळेच ते टिकलं.

तोवर मी केसपिनेचं काम फुलापासून सुरू करत आले होते: आधी पाकळी, मग मणी, मग शेवटी "हे कशावर बसवायचं?" आता मला वाटतं की पहिला प्रश्न डोक्यावरून यायला हवा. केस मोकळे की बांधलेले, दाट की विरळ, पिन सपाट जाणार की आत घुसणार. हे कळल्याशिवाय शटलवर दोरा भरू नये. या मुलीचे केस बारीक आणि रेशमासारखे सरळ, म्हणजे पिन घसरणारच. तिला सरळ पायांचा आकडा नको, पायांना मधोमध लाटा असलेला हवा. त्या लाटांमध्ये केस धरून राहतात.

मण्यांचं दुखणं

केस अडकण्याचा प्रश्न मला सगळ्यात जास्त बोचत होता, कारण इजा झाली असती ती तिथेच.

वाचलेलं एक फूल भिंगाखाली धरलं. तीन मण्यांचा पिको कमानीसारखा उभा राहतो. तीन मण्यांना लागतो त्याहून थोडा जास्त दोरा मी प्रत्येक पिकोत सोडला होता, कमान गोल दिसावी म्हणून. त्यामुळे मणी बोटाने लोटले तर मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकत होते. सरकले की एका टोकाला उघडा दोरा दिसे, आणि कमानीखाली आरपार फट होतीच. केस त्या फटीत शिरतो, मणी परत सरकतो आणि केसाला दाबून धरतो. टेबलावर देखणी दिसणारी कमान केसांत गेल्यावर फासकी होते.

मी एक कसोटी ठरवली. माझ्या विंचरलेल्या केसांचा एक पुंजका घेतला, फूल त्यावरून दहा वेळा चारही दिशांनी ओढलं आणि किती केस अडकून आले ते मोजलं. तीन मण्यांच्या कमानीवाल्या फुलात प्रत्येक वेळी काही ना काही यायचंच. मग नमुन्याच्या चार पाकळ्या विणल्या. एकीत तीन मणी, पण दोरा अजिबात सैल न सोडता. दुसरीत एकच मणी, गाठीला चिकटून. तिसरीत मणी रिंगच्या आतल्या दोऱ्यावर, दोन गाठींच्या मध्ये. चौथीत मणीच नाही, नुसता रिकामा पिको.

गंमत म्हणजे रिकामा पिकोही केस धरतो, फक्त सोडतो लगेच. आतल्या दोऱ्यावरचा मणी सगळ्यात सुरक्षित ठरला, पण त्याने पाकळीत खाच पाडली आणि रिंग वेडीवाकडी मिटली. तीन मण्यांची घट्ट कमानही फट ठेवतेच. एकच मणी, त्याला मागच्या गाठीला टेकवून पुढची अर्धी गाठ त्याला अगदी खेटून बसवली, तर केस शिरायला जागा उरत नाही. तो मणी पाकळीच्या टोकावर दवाच्या थेंबासारखा बसतो, हलत नाही. दहा ओढींत एकही केस आला नाही. तोच घेतला.

पण पंधरा मण्यांचे पाच झाले, आणि मुलीला चमक हवी होती. "मावशी, लांबून दिसायला हवं ना गं," हे तिचं पहिल्याच दिवशीचं वाक्य. ते बरोबरच होतं, रंगमंचावरची वस्तू लांबूनच बघायची असते. मग उरलेले दहा मणी मी कडेवरून उचलून मध्ये नेले. दहा मणी ओवून त्याचा फेरा बांधला की सुमारे पाच मिलिमीटरचं वर्तुळ होतं, आणि त्याच्या मध्ये चार मिलिमीटरचा मोठा मणी बशीत ठेवल्यासारखा बसतो. पहिल्या संचात तो मधला मणी भोकात खचून फुलाच्या पाठीकडे झुकत असे. आता त्याला कोंदण मिळालं. फुलाच्या मध्यभागी केस जातच नाहीत, त्यामुळे तिथे कितीही मणी चालतात. आणि चमक एकवटल्यामुळे फूल लांबून उलट जास्त ठळक दिसू लागलं.

दुसरा संच

पाकळीच्या गाठी तेवढ्याच ठेवल्या, चोवीस. फक्त हात घट्ट केला. टॅटिंगला ताठपणा गाठींच्या दाटीतून यायला हवा. सैल हाताने विणून मग कडक करायला जाणं म्हणजे कामाची सुरुवात शेवटाकडून करणं. पांढऱ्या गोंदाने मला तोंडघशी पाडलं होतं तेही इथेच. तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा गोंद ओल धरतो आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. हेअर स्प्रेमध्ये बहुधा अल्कोहोल असतंच. घाम आणि स्प्रे दोन्ही लागल्यावर पाकळ्या कार्यक्रमाच्या मध्यावरच मऊ पडल्या असणार. आता फुलं आधी साध्या पाण्यात भिजवून, पाकळ्या बोटाने सारख्या करून, उलट्या चमच्याच्या पाठीवर सुकवली, म्हणजे त्यांना किंचित फुगवटा आला. पूर्ण वाळल्यावर फक्त मागच्या बाजूने पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक वॉर्निशचा एक पातळ हात दिला. समोरून दोरा दोऱ्यासारखाच दिसला पाहिजे. प्लास्टिकसारखी चकाकी आली की हातकामाचा जीव जातो.

ओवण्याची एक युक्ती या वेळी कामी आली. २० नंबरचा दोरा ११ नंबरच्या मण्यातून जेमतेम जातो, सुईसकट तर नाहीच. दोऱ्याच्या टोकाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग नेलपॉलिशने कडक केला, वाळल्यावर तिरका कापला, की तोच सुई होतो. ज्या मण्यातून तो सहज जात नाही तो मणी बाजूला ठेवायचा. जबरदस्तीने घातलेला मणी पुढे सरकवताना दोऱ्याचा पीळ खरवडून काढतो आणि तिथे दोरा केसाळ होतो.

फूल आकड्यावर बसवायला सगळ्यात जास्त वेळ दिला. कोंदणाचे मणी, मधला मणी आणि फूल असे पॉलिस्टरच्या मजबूत दोऱ्याने एकत्र घेतले. कापसाचा दोरा धातूवर घासून तुटतो. तोच दोरा मग आकड्याच्या वळणावरून नेला, पण मधोमध एकाच ठिकाणी नाही. एकाच ठिकाणी बांधलं की फूल त्या दोऱ्याभोवती भिरभिरतं. वळणाच्या डाव्या खांद्यावर पाच वेढे, उजव्या खांद्यावर पाच, आणि प्रत्येक बाजूला जवळच्या पाकळीचा बुंधा त्यात धरलेला. मग फेल्टची एक सेंटिमीटरची टिकली, तिला दोन बारीक चिरा, त्यांतून आकड्याचे दोन्ही पाय घालून ती वर सरकवली आणि कडेने फुलाला शिवली. वेढे झाकले गेले, टाळूला दोऱ्याच्या गाठी टोचणं बंद झालं, आणि टिकली चिरांनी पाय धरून ठेवते म्हणून फिरणंही थांबलं. गोंदाचा थेंब फक्त शेवटच्या गाठीवर.

एका फुलाला विणायला पाऊण तास आणि बसवायला जवळजवळ तेवढाच. आधी बसवायला मी पाच मिनिटं देत असे.

देण्याआधी सातही आकडे मी स्वतः चार-चार दिवस वापरले, एकावर मुद्दाम भरपूर स्प्रे मारला, एक आकडा पाण्यात धुतला. मग ते मुलीला दिले. पुढच्या कार्यक्रमानंतर ती परत तशीच पाठमोरी बसली. या वेळी मी काही न बोलता एकेक आकडा सरळ बाहेर ओढला. सातही आले, सातही फुलं बाहेर बघत होती, आणि एकाही मण्यात केस नव्हता. "झालं?" तिने विचारलं. तिला कळलंच नव्हतं.

आता चार महिने झाले. एका आकड्याच्या फेल्टची शिवण एका कडेने उसवली होती, ती परत घातली. दुसरी गोष्ट थोडी वाईट वाटण्यासारखी आहे. कोंदणासाठी मी आतून चंदेरी मुलामा असलेले मणी घेतले होते, आणि धुतलेल्या आकड्यावरच्या दोन मण्यांचा मुलामा भोकाकडून काळवंडत चालला आहे. काचेतच रंग असलेल्या मण्याला हे होत नाही. मैत्रिणीने धाकटीसाठी आणखी सात सांगितले आहेत. तिचे केस खांद्यापर्यंत आणि मोकळे असतात, म्हणजे या वेळी पिन सपाट जाणार. चकतीवाल्या बॉबी पिना आणल्या, त्यांना शिवायला भोकं असलेल्या जाळीदार चकत्या निवडल्या, आणि रंगीत काचेच्या मण्यांच्या दहा-दहाच्या सात माळा ओवून डबीत ठेवल्या आहेत.